घराण्याचा नायटा

लोकांच्या घराण्यात तलवार असते, पणजोबांची पगडी असते, निदान मोदकाच्या सारणाची एखादी गुप्त कृती तरी असते. माझ्या बायकोच्या मामांच्या घराण्यात नायटा आहे. आणि नायट्याबद्दल इतक्या अधिकाराने, इतक्या मोकळ्या गळ्याने आणि समोरचा माणूस जेवतो आहे की नाही याची इतकी कमी पर्वा करत बोलणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या मुंबईत सापडणार नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. ‘आजोबांना मानेवर होता, वडिलांना कमरेला, मला दोन्हीकडे,’ हे वाक्य ते अशा थाटात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दर पिढीला एकेक परगणा इनाम मिळत गेला आहे.

मामा राहतात डिलाईल रोडला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत. नोकरी केली ती शिवडीला, बंदराजवळच्या एका गोदामात. आलेल्या मालाला ओल लागू द्यायची नाही, हे त्यांचं काम. पोती भिंतीला टेकवायची नाहीत, थेट जमिनीवर ठेवायची नाहीत, खाली फळ्या घालायच्या, दोन थप्प्यांच्या मधे हवा खेळेल एवढी जागा सोडायची. निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडे घर बांधतात, गुडघे दाखवायला जातात, देशाचं कसं होणार याची काळजी करतात. मामांनी गोदामाचाच कारभार पुढे चालू ठेवला; फक्त पोत्यांच्या जागी नातेवाईक आले. ‘ओल लागली की माल गेला’ हे त्यांचं सूत्र. घरात कोणी पाहुणा आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी ते त्याच्या कॉलरकडे, काखेकडे आणि मोज्यांकडे बघतात, आणि हा माल किती दिवस टिकेल याचा मनाशी अंदाज बांधतात.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मूळचा गिरगावचा. आमच्या घरी सगळ्यांत मिळून एक टॉवेल असे आणि जो आधी अंघोळ करील त्याला तो कोरडा मिळे. शेवटच्या माणसाने टॉवेलने अंग पुसायचं की अंगाने टॉवेल, एवढाच प्रश्न उरे. मी जावई म्हणून नवा शर्ट, नवी पँट आणि नवा कडक पट्टा लावून गेलो. मामींनी ओवाळलं. मामांनी हातात नारळ दिला, पाटावर बसवलं आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, ‘जावईबापू, पट्टा जरा सैल करा.’ मला वाटलं, वड्यांचा आणि सागोतीचा बेत जोरदार असणार, आग्रह होणार, त्याची ही पूर्वसूचना. मी लाजून म्हणालो, ‘छे छे, मी फार जेवत नाही.’

‘जेवणाचं कोण बोलतंय? तुमच्या कमरेला हवा लागत नाहीये.’

जेवण झाल्यावर आहेर आला. माझ्या मित्रांना सासरकडून सफारीचं कापड, घड्याळ असं काही काही मिळालं होतं. मला मिळाले सुती बनियन आणि दोन टॉवेल. एकावर मामींनी लाल धाग्याने माझं नाव भरलं होतं, दुसऱ्यावर माझ्या बायकोचं. ‘जोडप्याने ताट एक करावं,’ मामा म्हणाले, ‘हवं तर बँकेचं खातं एक करावं. टॉवेल एक करू नये.’ आमच्या लग्नात गुरुजींनी बरंच काही संस्कृतातून सांगितलं होतं. त्यातलं आज काही आठवत नाही. मामांचं हे वाक्य मात्र आम्ही दोघंही अजून पाळतो.

‘आनुवंशिक’ हा शब्द मामांना परळच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडून मिळाला. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी लहान असताना तिच्या गालावर गोल चट्टा उठला, तेव्हा मामा तिला घेऊन गेले. तिला म्हणजे तिला, मामींना, आपल्या धाकट्या भावाला, त्याच्या बायकोला आणि नुकत्याच गावाहून आलेल्या आतेला. ‘पेशंट कोण?’ बाईंनी विचारलं. ‘सगळे,’ मामा म्हणाले. बाई समंजस होत्या. एकाला औषध देऊन घरातल्या बाकीच्यांना सोडलं तर तो पुन्हा फिरून येतो, तेव्हा सगळ्यांना आणलंत ते बरंच केलंत, असं त्या म्हणाल्या. आणि मामांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी समजून घेणारं भेटलं. बाईंनी सांगितलं की नायटा होतो तो बुरशीमुळे, आणि बुरशी बाहेरून येते: माणसाकडून, कपड्यातून, कधी कुत्र्यामांजराकडून. ती काही रक्तातून उतरत नाही. पण तिला अडवण्याची ताकद काही जणांच्या त्वचेत जन्मतःच थोडी कमी असते, आणि ही गोष्ट मात्र घराण्यात उतरू शकते. मामांनी घरी येईपर्यंत याचं आपल्या भाषेत रूपांतर केलं होतं. ‘चोर सगळ्यांच्याच दारावरून जातो,’ ते गॅलरीत उभं राहून शेजाऱ्यांना सांगत होते, ‘पण आमच्या घराण्याच्या दाराला कडी नाही. म्हणून आम्ही जागं राहायचं.’

आणि मामा जागे राहिले. त्यांची अंघोळ उरकते पटकन, पण अंग पुसण्याचा विधी बराच वेळ चालतो. आधी मान, मग काखा, मग पोटाच्या वळ्या, मग जांघा, आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने, पायाच्या बोटांच्या बेचक्या. त्यानंतर पंचा नेसून पंख्याखाली दोन्ही हात पसरून उभं राहायचं. अंग पूर्ण सुकल्याशिवाय कपडा चढवायचा नाही. या अवस्थेत दारावर कोणीही आलं, दूधवाला असो की सोसायटीचा अध्यक्ष, मामा हात खाली घेत नाहीत. मामी मालवणच्या. त्या कपाळाला हात लावून म्हणतात, ‘आंघोळ झाली की ह्येंका कपड्यांवांगडा वाळत घालूक लागता!’ श्रावणात कपडे वाळत नाहीत तेव्हा तर घराचं गोदामच होतं. एका दोरीवर टॉवेल, एकमेकांना शिवणार नाहीत अशा अंतराने. दुसऱ्या दोरीवर आतले कपडे. टेबलफॅन त्यांच्याकडे तोंड करून, आणि माणसं घामाघूम. वाळले तरी मामा त्यांच्यावर कडक इस्त्री फिरवतात. ज्या घरात बाहेरचा शर्ट चुरगळलेला आणि बनियन मात्र परीटघडीचा, असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

त्यांचा खरा राग दोन गोष्टींवर. एक म्हणजे घट्ट जीन्स. ‘पायांचं गोदाम,’ ते म्हणतात, ‘आणि तेही बिनखिडकीचं.’ चाळीखालच्या जिममधून घामाने निथळत बाहेर पडणाऱ्या पोरांना ते वरून हाक मारतात, ‘अरे, त्याच कपड्यात नाक्यावर उभे राहू नका, आधी अंघोळ करा!’ पोरं आता मामांना घाबरून मागच्या गेटने जातात. दुसरा राग ट्यूबवर. औषधाच्या दुकानात ‘खाज येतेय, काहीतरी द्या’ म्हटलं की जी हातावर ठेवतात, ती. तिच्यात स्टेरॉइड असतं. लावली की दोन दिवसांत आराम पडतो आणि आतल्या आत बुरशी हातपाय पसरते. ‘भांडणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणजे भांडण मिटलं का?’ मामा विचारतात. औषध डॉक्टरकडूनच घ्यायचं, आणि बरं वाटेपर्यंत नाही तर डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत घ्यायचं, हे त्यांचं म्हणणं ऐकून ऐकून आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ झालं आहे. पाठ झालं आहे, एवढंच. पाळण्याच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

कारण मला नायटा झाला. कमरेला, बरोबर पट्ट्याच्या जागी. मी सुशिक्षित माणूस असल्यामुळे कोणालाही न सांगता दुकानात गेलो आणि ट्यूब आणली. खाज गेली. मी ट्यूब बंद केली. मग खाज परत आली ती अशी आली की माझ्या कमरेवर सबंध कोकणपट्टी उमटली, खाड्यांसकट. शेवटी बायकोने मामांना फोन लावला. मामा स्वतः आले, मला खिडकीशी उभं केलं, चष्मा पुसला, नकाशा पाहिला आणि अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, ‘जावईबापू, आमचा वडिलोपार्जित आहे. तुमचा स्वकष्टार्जित.’ मग मला हाताला धरून परळला बाईंकडे नेलं आणि औषध पुरं होईपर्यंत रोज सकाळी फोन केला. ‘आज लावलं का?’ एवढंच विचारायचं आणि ठेवून द्यायचा. माझ्या वडिलांनी माझ्या दहावीच्या अभ्यासाची एवढी चौकशी केली नव्हती.

तर असा हा माणूस, ज्याला दोन वर्षांपूर्वी एके दिवशी नायट्याबद्दल अवाक्षर काढायची बंदी झाली.

केतकीचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. मुलगा दादरचा, दोघांची ओळख लग्नाच्या वेबसाइटवर झाली, पाच-सहा वेळा भेटली, आवडली एकमेकांना. आता मोठ्या माणसांनी भेटून बोलणी करायची होती आणि मुलाकडच्यांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. केतकीला तो मुलगा फार मनापासून आवडला होता, हे तिच्याकडे पाहूनच कळत होतं. पण तिच्या मनात एक जुना सल होता. कॉलेजात असताना तिच्या मानेवर चट्टा उठला होता आणि बाकावरच्या मुली हळूहळू सरकत पलीकडे गेल्या होत्या. तेव्हापासून ती ओढणी मानेभोवती घेऊनच वावरायची. निघायच्या आधी तिने मामांचे दोन्ही हात धरले.

‘बाबा, प्लीज. आज फक्त पोहे, हवामान आणि हॉलचं भाडं. स्किन नाही.’

‘अगं पण लपवायचं कशाला? लग्नानंतर कळलं तर…’

‘मी सांगेन ना त्याला, माझं मी, सावकाश. आज घरभर माणसं असणार. तुम्ही सुरू झालात की आजोबांपासून सुरू होता.’

मामींनी त्याला वेगळी पुस्ती जोडली. ‘थंय जावन कातडेचो विषय काढलात तर माज्याइतकी वायट कोण नाय, सांगान ठेवतंय.’

मामांनी शब्द दिला. मी आणि माझी बायको बरोबर होतो. टॅक्सीत मामा खिडकीकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून बसले होते, मौनव्रत घेतलेल्या साधूसारखे.

मे महिन्यातली दुपार. आम्ही सगळे घामाने चिंब. मुलाची आई हसतमुख. त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे आधी हातपाय धुवायला बोलावलं. न्हाणीघराच्या दाराशी त्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम कपाटातून काढलेला, कशिदा केलेला एक सुंदर टॉवेल लावला होता. मामींनी त्याला हात पुसले, मी पुसले, बायकोने पुसले. मामांची पाळी आली. मुलाच्या वडिलांनी आपल्या सपाता पुढे सरकवल्या, ‘या घालून जा, आत ओलं आहे.’ मामांनी नम्रपणे मान हलवली, खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःच्या रबरी सपाता काढल्या आणि घातल्या. बाहेर आले. मुलाच्या आईने तो कशिद्याचा टॉवेल दोन्ही हातांनी पुढे केला. मामांनी पुन्हा मान हलवली, पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला आणि पुसू लागले. आधी मान. मग कोपरं. आम्ही चौघं श्वास रोखून, कुठपर्यंत जातात ते पाहत होतो. सुदैवाने ते मनगटाशी थांबले आणि टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. ‘अहो, घामाने भिजलात, ह्यांचा एखादा सदरा देऊ का?’ मुलाच्या आईने अजून एकदा प्रयत्न केला. ‘नको, नको,’ मामा दचकून दोन पावलं मागे सरकले.

दिवाणखान्यात मुलाची आजी आरामखुर्चीत बसली होती. तिला दरवाजातून सगळं दिसत होतं. पोह्यांच्या बशा आल्या तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘आमच्या घरातली वस्तू चालत नाही वाटतं पाहुण्यांना? सोवळं आहे का तुमच्यात?’

सोवळं! ज्या चाळीत मामांनी जन्म काढला तिथे शेजाऱ्याच्या कढईतलं आपलं आणि आपल्या कढईतलं शेजाऱ्याचं, आणि त्या माणसाला हा प्रश्न! पण मामांनी शब्द दिला होता. ते लाल झाले. ‘नाही हो आजी,’ ते पुटपुटले, ‘आपली सवय.’

‘सवय,’ आजी म्हणाली.

मुलाच्या आईचं हसू मावळलं. मी हवामानाबद्दल बोललो. मुलाच्या वडिलांनी हवामानाबद्दल सहमती दर्शवली. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बरं. मग आम्ही कळवतो तुम्हाला.’

‘कळवतो’ म्हणजे काय, हे मुलीकडच्यांना सांगावं लागत नाही. मामींनी पदर सावरला. मुलगा गोंधळून आईकडे पाहत राहिला. मामा मात्र केतकीकडे पाहत होते. एका वाक्यात सगळं सावरता आलं असतं, आणि आयुष्यात तोंड बंद न ठेवलेला तो माणूस ओठ चावून बसला होता, कपाळावरचा घामसुद्धा न पुसता.

‘आजी, सोवळं नाही,’ केतकी एकदम म्हणाली. ‘नायटा आहे.’

मामींनी डोळे मिटून घेतले.

‘आमच्या घराण्यात आहे. मलाही होतो, अधूनमधून. बाबांना वाटतं, आपल्यापासून दुसऱ्याला लागू नये. म्हणून ते कोणाच्या सपाता घालत नाहीत, कोणाचा टॉवेल घेत नाहीत. तुमच्या वस्तूंना नाही हो नावं ठेवत, स्वतःपासून तुम्हाला जपतायत. मीच त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं.’ आणि असं म्हणून तिने गळ्याभोवतीची ओढणी काढून मांडीवर ठेवली.

मला कबूल केलं पाहिजे की इतकी वर्षं मीसुद्धा उलटंच समजत होतो. मला वाटायचं, मामा जगाला भितात. जगाला आपल्यापासून काही होईल याची भीती बाळगणारा माणूस त्या टॉवेलाआड आहे, हे मला त्या दिवशी दादरला कळलं.

मग आजीची आरामखुर्ची करकरली. ‘एवढंच होय?’ ती म्हणाली. ‘आमच्याकडच्या पुरुषांना चाळिशीत डोक्यावर केस राहत नाहीत. ते कोणी सांगितलं का तुला?’

मुलाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. केतकी फिसकन हसली. मुलाची आई म्हणाली, ‘आणि माझ्या माहेरी सगळ्यांना शुगर, तेही आत्ताच सांगून टाकते.’ पोहे पुन्हा वाढले गेले. इतक्यात मुलाचे वडील उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘जरा बाल्कनीत येता? एक खासगी विचारायचं होतं.’ दोघं गेले, दार लोटून घेतलं. दारापलीकडून मामांचा एकच शब्द ऐकू आला, ‘ट्यूब?’ आणि त्यानंतर बराच वेळ, सगळे बांध फुटून ओसंडलेलं ते व्याख्यान, आजोबांपासून.

लग्न झालं. मामांनी व्याह्यांना आहेरात काय दिलं हे सांगायची गरज नाही.

परवा मी सहज डिलाईल रोडला गेलो होतो. मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी केतकीची चौकशी केली. ‘मजेत आहे,’ ते म्हणाले. ‘मध्ये पाठीवर उठला होता तिच्या.’

‘मग? गेलात की नाही परळला घेऊन?’

‘मला कुठे ठाऊक होतं? तिने सासूला सांगितलं. दोघी मिळून डॉक्टरकडे गेल्या. घरात सगळ्यांनी दाखवून घेतलं. औषध पुरं केलं, अगदी शेवटपर्यंत. गेलासुद्धा. आणि मग काल फोनवर बोलता बोलता म्हणाली, अहो बाबा, सांगायचंच राहिलं.’ ते हसले. ‘सांगायचंच राहिलं! म्हणजे बघा, किती सहज.’

‘चांगलंच झालं की, मामा.’

‘चांगलंच झालं,’ ते म्हणाले. ‘मी काय म्हणतोय, चांगलंच झालं.’ आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. जिमची पोरं पुढच्याच गेटशी, घामाने भिजलेली, चहा पीत उभी होती. मामांनी हाक मारली नाही.

मला काय सुचलं कोण जाणे. मी बूट काढला, मोजा काढला. ‘मामा,’ म्हटलं, ‘या करंगळीशेजारी थोडं पांढरं दिसतंय का हो? मला उगाच शंका येतेय.’

त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला आणि चष्मा पुसून, एकेक बोट वेगळं करून, फार वेळ पाहिलं. तिथे काही नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि एवढ्यात त्यांनाही कळलं असणार. ‘काही नाही हे,’ ते शेवटी म्हणाले. पाय मात्र सोडला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तरी पण पुढच्या आठवड्यात या एकदा. पुन्हा बघू.’

मी जाणार आहे.